एवढा एकच मेसेज

...आणि वर मलाच म्हणतो, भावोजी, तुम्ही फार घाबरता! अहो, घाबरू नको तर काय करू? तुम्हाला सांगतो, डोळे तपासायला गेलो होतो. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांत औषध घातलं आणि बजावलं, तीन तास गाडी चालवायची नाही. म्हणून बायकोने तिच्या धाकट्या भावाला पाठवलं मला आणायला. आता बघा... ज्याला सगळं जग धुरकट दिसतंय तो मी रस्त्यावर नजर खिळवून बसलोय, आणि ज्याचे डोळे ठणठणीत, तो मांडीवरच्या फोनकडे बघतोय!

म्हटलं, अरे, रस्ता समोर आहे. तर म्हणे, "एवढा एकच मेसेज, भावोजी." एकच? सिग्नलपासून पुलापर्यंत मी बोटांवर सात मोजले! दर मेसेजला माझा उजवा पाय आपोआप खाली दाबला जातोय... जिथे ब्रेकच नाही! म्हटलं, कडेला थांब आणि लिही काय ते निवांत. तर थांबायला वेळ कुठाय म्हणे, एवढा एकच... आणि गाडी कडेकडेला सरकत चाललीय, आणि मला समोर काहीतरी उंच, पिवळं, धूसर दिसलं. मी ओरडलो, "शिडी!"

करकचून ब्रेक. शिडी वीतभर अंतरावर. वर दुकानाची पाटी रंगवणारा पेंटर. तो एकेक पायरी चाचपत खाली उतरला, खिडकीशी आला. हातात ब्रश, आवाज अगदी शांत. "गेला का मेसेज?"

मेहुण्याने आधी गाडी बंद केली. फोन माझ्या पायाशी पडला होता. मी तो उचलला आणि हात लांब करकरून मेसेज कसाबसा वाचला. बायकोलाच लिहीत होता... 'ताई, काळजी करू नकोस, भावोजींना सुखरूप आ' इथपर्यंत!

आता गाडीत बसायच्या आधी त्याचा फोन डिकीत जातो, आवाज बंद करून. निघताना 'निघालो', पोचल्यावर 'पोचलो'. मधे काही कळवायचंच असलं तर गाडी आधी कडेला उभी. आणि हे स्वतःहून करतो हो! तो सुधारला. बिघडलो मी. परवा जेवताना त्याने सहज फोन उचलला, म्हणाला, एवढा एकच... आणि टेबलाखाली माझा पाय गेला की खाडकन ब्रेकवर! तिथे बायकोचा पाय होता.

हल्ली ती टेबलाच्या पार त्या टोकाला बसते... आणि काही हवं असलं की मला मेसेज करते.