वारा नसलेली बाग

मधुकरराव: सहा फूट खाली काँक्रीटमध्ये गाडलेले आहेत हे खांब. पण हे आजवर मला कोणी विचारलं नव्हतं, भाऊ.

इश्वर: अन् वरची काच?

मधुकरराव: जाड आहे, दोन थरांची. मागच्या वर्षी गारा पडल्या, तडाही गेला नाही. लोकं हॉल पाहायला येतात तर जेवणाचं विचारतात, पार्किंगचं विचारतात. तुम्ही अर्धा तास झाला, खांबच पाहून राहिले.

गुंजन: बाबा, पुरे आता. साहेब, बाग दाखवा नं. फोटोत पाहिली होती आम्ही.

मधुकरराव: या, याच दारातून. झाडं खरी आहेत, ताई. ही बकुळ, तिकडे बांबू, कोपऱ्यात कदंब. सगळी जमिनीत लावलेली, एकही कुंडी नाही. मधे स्टेज, पाहुणे चारही बाजूंनी. वैशाखात बाहेर आग पडो, इथे थंड राहते.

इश्वर: पानं हालत नाईत.

मधुकरराव: छपराखालची बाग आहे, भाऊ. वारा येणार कुठून?

इश्वर: तेच पाह्याले आलो. आमी तिकडं लाखनीजवळचे. धानाचे शेतकरी. ही गुंजन, लहानी पोरगी. इथं भंडाऱ्यातच दवाखान्यात नर्स हाये. हिचंच लग्न.

मधुकरराव: छान. तुम्ही बसा त्या बाकावर. मी तारखांचं रजिस्टर आणतो ऑफिसातून.

गुंजन: बाबा, खरं सांगा. आपलं एवढं मोठं आंगण असून हॉल कायले? आई म्हणते, घरीच करा. तुमाले मांडवाचं भेव वाटते नं?

इश्वर: भेव तं वाटतेच. पन हॉल रितासाठी पाहून राहिलो. तीन वरसं झाली, तुह्या बहिनीनं माहेरी पाय नाई टाकला. तुह्या मायले पोरगी भेटते ते तुमसरले, तिच्या सासरी. त्या आंगनात ती येनार नाई. इथं तरी येईन.

गुंजन: ताई इथंही येणार नाही.

इश्वर: तुले कोनं सांगितलं?

गुंजन: तिनंच. काल फोन केला होता मी. म्हणाली, हॉल असो की आंगण, मी तुह्या लग्नात उभी राहणार नाही. माह्या लग्नात भाऊ गेला, तुह्या लग्नाले माही सावली नको.

इश्वर: असं म्हनली?

गुंजन: तिच्या सासरचे तुमसरलेच हॉल घेऊन राहिले होते, तिनंच हट्ट धरला की लग्न माह्या आंगणातच होईल. हट्ट केला नसता तर मांडव पडला नसता, मनिष मेला नसता. हेच घेऊन बसली आहे ती. तीन वर्षं झाली, नवी साडी घातली नाही तिनं.

इश्वर: तिच्यानं नाई गेला मनिष.

गुंजन: मी किती वेळा सांगितलं तिले.

इश्वर: तुले माहीत नाई, बाई. कोनालेच माहीत नाई. तुह्या मायले बी नाई.

(इश्वर बाकावर बसतात.)

इश्वर: अक्षता पडून गेल्या होत्या. वादळ उठलं तसे लोकं घरात पळाले. मनिष बी पळाला. दारापाशी पोचला होता तो. मी मांडवातून हाक मारली त्याले. म्हनलं, मनिष, इकडं ये, हा पाइप धर, पत्रे उडतीन, लोकाचं सामान हाये. अन् तो वापस आला. माह्या एका शब्दावर आला, गुंजन.

गुंजन: मी ऐकलं होतं.

इश्वर: काय?

गुंजन: मी दारात होते, बाबा. त्याच्यासाठी दार धरून उभी होते.

इश्वर: मंग तीन वरसं तू...

गुंजन: आधी वाटलं, मी बोलले तर तुमी खचून जाल. मग वाटलं, तुमीच सांगाल कधीतरी. मग राग यायले लागला. ताई आतल्या आत स्वतःले खाऊन राहिली होती, अन् तुमी पाहून राहिले होते.

इश्वर: हिंमत नाई झाली. रोज वाटे, आज सांगतो. तुह्या मायचं तोंड पाहिलं का वावरात निघून जाय.

गुंजन: पाइप धर म्हटलं, तो गुन्हा नव्हता. कोणत्याही बापानं म्हटलं असतं. पण तुमी गप्प राहिले, ते चुकलं. घ्या. लावला मी फोन.

इश्वर: आत्ता? इथं?

गुंजन: वाजून राहिला आहे. घ्या, बाबा.

इश्वर: रिता? मी बाबा... नाई, नाई, सगळे बरे हायेत. तू पहिले बस. बसली?... बाई, त्या दिवशी मनिष वापस मांडवात आला, तो आपल्या मनानं नाई आला. मी बलावलं त्याले. पाइप धराले... हो. मीच... तुह्या हट्टानं नाई, बाई. आंगनातलं लग्न मले बी पायजेच होतं. तू बोलली, मी नाई बोललो, एवढंच... रड. रडून घे. मी हावो इथं... तो काय म्हनला? मी बी धरला होता पाइप, त्याच्यासंग. वारा वाढला तसा त्यानं मले खांद्यानं ढकललं. म्हनला, बाबा, तुमी मांगं सरका... हो. तेवढंच म्हनला... बरं... बरं, माय. सांगतो तिले.

गुंजन: काय म्हणाली?

इश्वर: पहिले लय रडली. मंग म्हनली, एवढं एकट्यानं काहून ठेवलं? शिव्या देल्ल्या असत्या तं बरं झालं असतं.

गुंजन: आईले सांगाल?

इश्वर: आजच. घरी गेल्याबरोबर. तू चाल माह्यासंग. फक्त मधे बोलू नको, मले बोलू दे.

गुंजन: येते, बाबा.

मधुकरराव: माफ करा, रजिस्टर सापडत नव्हतं. तुम्ही सांगितलेली तारीख मोकळी आहे, भाऊ. आदल्या दिवशीची हळदही इथेच करतात बरेच जण. दोन्ही दिवस लिहू?

इश्वर: नाई, साहेब. लग्नाचाच दिवस लिहा. हळद घरी हाये. मोठी पोरगी येऊन राहिली.