पूडल तेवढा नको

...नाही, मी म्हणते, नको तर नको म्हणा ना! पण मग त्याचे केस कशाला पाहिजेत? त्याची बुद्धी कशाला पाहिजे? दुकानात येतात, दोन्ही कोपरं माझ्या काउंटरवर टेकतात आणि सुरू होतात, "आम्हाला असा कुत्रा सुचवा, ज्याचे केस गळत नाहीत, जो हुशार आहे, एकदा सांगितलं की ज्याला कळतं, आणि दिसायला कसा, अगदी टेडी..." मी म्हणते, अहो, मग पूडल घ्या की. झालं! चेहरा असा होतो, जसं काही मी यांना डोक्यात मोरपीस खोचून ऑफिसला जायला सांगितलंय. "छे छे, पूडल नको हो! पूडल-मिक्स सुचवा." तुम्हाला सांगते, सोळा वर्षं झाली मला कुत्र्यांचे केस कापायला लागून, आणि सोळा वर्षं हेच ऐकतेय. सगळं पूडलचं पाहिजे, पण पूडल नको!

त्याआधी मी बायकांचे केस कापायचे. माणसं फार बोलतात, डोकं उठतं, म्हणून कुत्र्यांकडे वळले. कुत्री गप्प बसतात हो... पण त्यांना घेऊन कोण येतं? माणसंच येतात! हे तेव्हा माझ्या डोक्यातच नाही आलं.

तर मिक्स. लॅब्राडोर आणि पूडल, स्पॅनियल आणि पूडल, आणखी कोण कोण आणि पूडल. यांचं आपलं ठरलेलं, स्वभाव याचा घ्यायचा आणि केस त्याचे घ्यायचे, जसं काही मेथी निवडायला बसलेत, पानं इकडे आणि काड्या तिकडे! अहो, पिल्लाला विचारलंय का कोणी? आमच्या शेजारी चष्म्याचं दुकान आहे, त्या चष्मेवाल्यांच्या मिक्सला केस आले लॅब्राडोरचे, सोफाभर गळतात, आणि जीव आला घाबरट, दाराची कडी वाजली तरी टेबलाखाली. तर म्हणतात, "पूडलची बाजू हो, तीच नडते." बरं, तोच कुत्रा हात द्यायला शिकला, तर लगेच, "बघा, लॅब्राडोरची बाजू!" म्हणजे आपल्या घरातल्या पोरांसारखंच की! पहिला नंबर आला तर आमच्या घराण्यावर गेला, काच फोडली तर तुमच्या. मला वाटतं मिक्सची खरी सोय ही आहे. काही वाईट निघालं, तर ढकलायला दुसरी बाजू असते. शुद्ध कुत्र्याला ती सोय नाही. तो चुकला तर तोच चुकला, बिचारा.

आणि पूडल नको का? तर म्हणे तो कट! डोक्यावर टोपी, पायांत केसांचे गोळे, शेपटीला गोंडा, बाकी अंग सफाचट. अहो, तो कट म्हणजे कुत्रा नव्हे, कट मी करते! दोन महिने हात लावू नका त्याला, मेंढी आणि पूडल शेजारी उभे केले तर ओळखू येणार नाहीत. तुमचा तो लाडका टेडी दिसतो ना, तो पूडलच, फक्त टोपी काढलेला! पण ऐकतंय कोण? सगळं पूडलचं पाहिजे, पण...! जाऊ दे. मला जे सांगायचंय ते वेगळंच आहे.

माझ्याकडे एक आजी यायच्या. टेलिफोन ऑपरेटर होत्या, अख्खी नोकरी तिथे गेली, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी आवाज असा, की "बोला" म्हणाल्या की आपण गपगुमान बोलायला लागतो. त्यांचा पूडल होता. शुद्ध. पांढरा, उंच, सहा वर्षांचा. नाव 'साहेब'. आणि कट? पूर्ण! टोपी, गोळे, गोंडा, काही म्हणजे काही सोडायचं नाही. दर पाच आठवड्यांनी आजी त्याला घेऊन यायच्या, खुर्चीत ताठ बसायच्या आणि म्हणायच्या, "टोपी जरा उंच ठेव गं. मागच्या वेळी बसकी झाली होती."

आणि मग आजी पडल्या. न्हाणीघरात. कंबरेचं हाड. दवाखाना झाला, काठी आली, डोळे आधीच अधू झालेले, आणि लेक म्हणाली, आई, आता एकटी राहायचं नाही. बरोबरच होतं तिचं. पण लेकीच्या इमारतीत कुत्रा ठेवायला बंदी. आजी साहेबाला घेऊन दुकानात आल्या, दोरी माझ्या हातात दिली आणि त्याच ऑपरेटरच्या आवाजात म्हणाल्या, "चांगलं घर बघ. मला फोन करून सांग." बस. वळल्या आणि गेल्या. साहेब दाराच्या काचेला नाक लावून बसला, तो संध्याकाळपर्यंत. काचेवर वाफेचा गोल उमटलेला, मी पुसला नाही.

मग मी फोटो लावला दारावर. विचारायला येणारे कमी नव्हते हो! "किती गोड! केस गळतात का?" नाही. "चावतो का?" नाही. "घाण करतो का घरात?" नाही. "मिक्स आहे ना?" नाही, पूडल. "...अच्छा." तो 'अच्छा' ऐकायला हवा होता तुम्ही! एक बाई म्हणाल्या, "आमच्या ह्यांना नाही चालणार, ते लाजतील." एक जण म्हणाला, "थोडा तरी मिक्स असता तर..." थोडा तरी! दुधात पाणी का नाही म्हणून भांडणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला! पाच आठवडे झाले. साहेब माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत झोपायचा, खायचा अर्धंच, आणि कुठेही काठीचा आवाज झाला की कान टवकारायचा. मला ते बघवेना.

एका सकाळी मी मशीन उचललं. टोपी काढली, गोळे काढले, गोंडा काढला, सगळीकडे एकसारखे केस ठेवले. समोर टेडी! दारावरचा फोटो बदलला. दुपारपर्यंत चार माणसं आली हो! चार! तोच कुत्रा!

त्यातला एक क्रेनवाला. पलीकडे उंच इमारत उठतेय ना, तिथली मोठी क्रेन चालवतो. दारातून येताना खांदे तिरके करावे लागतात, असा माणूस. खाली बसला आणि साहेबाने सरळ त्याच्या गुडघ्यावर हनुवटी ठेवली. पाच आठवड्यांत कोणाकडे ढुंकून बघितलं नव्हतं त्याने! क्रेनवाला हळूच म्हणाला, "लग्नाआधी आमच्याकडे कायम कुत्री असायची. बायकोला केसांनी शिंका येतात, दम लागतो. चौदा वर्षं झाली, घरात कुत्रा नाही. कोणीतरी सांगितलं, पूडल-मिक्स असेल तर कदाचित चालेल." मग एकदम मान वर करून, "हा मिक्सच आहे ना? म्हणजे पूडल नाही ना? ते... साइटवर पोरं फार हसतील हो."

आता तुम्ही मला सांगा, मी काय म्हणायला हवं होतं? खरं? खरं तर मी पाच आठवडे सांगत होते! मी म्हटलं, "मिक्स आहे." तर हा, "कशाचं?" मी म्हटलं, "आईकडून पूडल." "आणि बाप?" "बाप... बाप काही मी पाहिलेला नाही." आता हे तर खरंच होतं!

आठ दिवस बायकोने दम लागतो का बघितलं, शिंक नाही की खोकला नाही, आणि साहेब त्यांच्या घरचा झाला. मी आजींना फोन केला, चांगलं घर मिळालं म्हणून.  त्या म्हणाल्या, "ठीक. धन्यवाद." आणि फोन ठेवला.

पण माझी खरी शिक्षा पुढे सुरू झाली. हा क्रेनवाला येता-जाता दुकानात डोकावणार आणि त्या बापाचं कौतुक करणार! "काय ताकद आहे हो, परवा नदीत उडी मारून काठी आणली, ही बापाची बाजू!" अहो, पाण्यात उडी मारणं हाच पूडलचा मूळ धंदा! "बायकोच्या पायाशी झोपतो, ही माया बापाची!" "लहान पोरांनी शेपटी ओढली तरी गुरगुरत नाही, बाप दिलदार असणार!" आणि बुटाची लेस चावली, तर? "पूडल हो, आईवर गेलाय." जो बाप मीच बोलता बोलता जन्माला घातला, त्याच्या नावावर सगळे गुण, आणि सोन्यासारखी ती आई, तिच्या पदरात बुटाची लेस! मी ब्रश मारत राहायचे. माझ्याच जिभेने केलेलं, तोंड कुठे उघडणार?

तीन महिने गेले. आणि आजींचा फोन आला. "बोला" नाही, काही नाही. म्हणाल्या, "घरासमोर बाग आहे. तिथे त्याला एकदा आणशील का? जवळून बघेन म्हणते." मी म्हटलं, आणते की! तर म्हणाल्या, "आता चेहरे दिसत नाहीत मला. आकार तेवढा कळतो. त्याची टोपी ठेवली आहेस ना गं?"

 मी म्हटलं, "हो आजी." दुसरं खोटं. एकदा सुरू झालं की हे असंच.

दुसऱ्या दिवशी क्रेनवाल्याला बोलावलं, बसवलं, आणि सांगून टाकलं. सगळं. एका दमात. तो ऐकत होता, हात साहेबाच्या डोक्यावर. मी थांबले. तो म्हणाला, "म्हणजे बाप पण?"

"बाप पण."

"आजोबा?"

"सगळे. वरपासून खालपर्यंत."

त्याने साहेबाच्या डोक्यावरचा हात काढला, त्याच्याकडे नीट बघितलं. मग म्हणाला, "ताई, तुम्ही मला फसवलंत." मी म्हटलं, हो. म्हणाला, "चार लोकांत मी त्या बापाबद्दल काय काय बोललोय..." मी म्हटलं, माहीत आहे, मला पाठ आहे.  आणि मग, खाली बघत, "पूडल सांगितलं असतंत तर मी त्याला हात न लावताच गेलो असतो. हेही खरंच." मला वाटलं, आता उठेल, दोरी टाकेल माझ्यासमोर... तो उठला. साहेबाला उचलून माझ्या टेबलावर ठेवलं. म्हणाला, "कापा. आजींना ओळखू येईल असा."

तीन तास लागले. केस बऱ्यापैकी वाढले होते, टोपी झाली, गोळे झाले, गोंडा जरा लहान झाला. आणि निघालो बागेकडे. रस्ता कुठून? त्याच्या साइटवरून! वरून, बांबूंच्या मागून, शिट्ट्या! "ओ दादा, बाईसाहेबांना कुठे फिरायला नेताय?" "दादा, तुमचे पण केस असेच कापून घ्या!" क्रेनवाल्याची मान लाल, कान लाल, पण पाय थांबले नाहीत. आणि साहेब? मान वर, पाय उचलून, असा चालत होता, जसं काही त्या शिट्ट्या म्हणजे सलामी!

आजी बाकावर बसल्या होत्या, काठी गुडघ्यांत धरून. लांबून त्यांना तो पांढरा आकार दिसला मात्र, काठी पडली. साहेबाने दोरीला असा हिसका दिला की क्रेन चालवणारा माणूस फरफटत गेला! आजींनी चाचपलं... टोपी, कान, एकेक पाय, शेपटी. "आला... आला माझा साहेब."  

मग त्यांनी क्रेनवाल्याच्या दिशेने तोंड केलं. "वाटेत लोक हसले का रे?"

"हसले, आजी."

"मलाही हसायचे. सहा वर्षं."

त्याला राहवलं नाही. म्हणाला, "मग आजी, असा कट कशाला ठेवायचात?"

आजी म्हणाल्या, "चौतीस वर्षं मी नुसता आवाज होते रे. 'थांबा, जोडून देते.' हजारो माणसांनी ऐकलं मला, बघितलं एकानेही नाही. याला घेऊन निघाले, की अख्खा रस्ता बघायचा. हसत का होईना... बघायचा."

क्रेनवाला खाली बसला, काठी उचलली, आजींच्या हातात दिली. म्हणाला, "पुढच्या महिन्यात आणतो परत. गोंडा जरा मोठा करून."

आणि तेव्हापासून दर महिन्याला आणतो हो! पूर्ण कट! साइटवर शिट्ट्या येतात, हा वर हात करतो. मला म्हणाल तर ओझं उतरलं. खरं बोलले, कोणाचं वाईट झालं नाही, म्हटलं सुटले. पण लोक आहेत ना! परवा माझ्या दुकानातच, एक गृहस्थ, स्वतःचा मिक्स घेऊन बसलेले, साहेबाकडे बघून म्हणाले, "काय गुणी कुत्रा आहे! कोणतं मिक्स?" क्रेनवाल्याने छाती पुढे काढली. "मिक्स नाही. शुद्ध पूडल." गृहस्थांनी साहेबाला वरखाली न्याहाळलं, माझ्याकडे बघितलं, आणि क्रेनवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून, अगदी कळवळ्याने म्हणाले, "नाही हो, पूडल एवढा मायाळू नसतो. नीट चौकशी करा... तुम्हाला कोणीतरी फसवलंय."