लोणच्याची डबी घेऊन इतवारीत

नागपूरहून सौंसरला निघालेल्या बसमध्ये प्रणालीच्या पुढच्या सीटवर बापलेक बसले होते. म्हाताऱ्याच्या मांडीवर स्टीलची छोटी डबी होती.

"आई गेल्यापासून तुम्ही धड जेवून नाही राहिले, बाबा. म्हणून हे डबीतलं लोणचं दाखवत इतवारीतली चार जुनी दुकानं फिरलो. तिच्या हातचं लोणचं बजारात भेटत नाही."

"त्या शेवटच्या दुकानदारानं तं चाखलंही नाही, सुमेध. नुसता वास घेतला."

"काय म्हणला? मी पाणी आणाले गेलो होतो."

"म्हणे, बाबाजी, हे लिंबू नाही. हिरवं संत्रं हाय, झाडाखाली गळलेलं. हे कोणीच विकत नाही."

"तुम्हाले माहीत नव्हतं?"

"तीस वर्सं लिंबू समजूनच खाल्लं."

"आईनं सांगतलं काऊन नाही?"

प्रणालीनं खिडकीची काच लावून घेतली. वाऱ्यात म्हाताऱ्याचं बोलणं उडून जात होतं.

"लगन नवीन होतं तवा तिले म्हणलं होतं, मी शाळेत नोकरीवर हावो अन् माझी बायको लोकाच्या बगीच्यात गळ वेचते, मले लाज वाटते. मंग ती लिंबूच म्हणे."

"किती राहिलं डबीत?"

"तीन फोडी."

बस सावनेरच्या पुढे निघाली तसं म्हाताऱ्यानं विचारलं,

"संत्र्याची गळ चालू हाय ना आता?"

"हाय."

"मंग बोरगावले उतरू. बगीचेवाल्याले इचारून वेचू."

"बाबा, तुमच्यानं वाकणं होत नाही."

"बसून वेचीन."