वास येते कुठून?

कळंबच्या वॉशिंग सेंटरवर सुहासिनीबाई स्कूटी धुऊन मिळायची वाट पाहत बसल्या होत्या. शेजारी उकंडाभाऊ आणि मथुराबाई या नवराबायकोची, नुकत्याच घेतलेल्या जुन्या गाडीवरून जुंपली होती.

"आजून वास येऊन राह्यला. पयला मालक लय सिगरेटी फुकत होता वाट्टे," मथुराबाई म्हणाल्या.

"आता कायचा वास? सीटवर रातभर सोडा टाकून ठेवला, छताचं कापड पुसलं, एसीची जाळी बदलली."

"उद्या नातीले दवाखान्यातून घरी आनाचं हाय. एवढुसं लेकरू या वासात नाही बसवनार मी."

"मले तं काहीच वास येत नाही."

"तुमच्या नाकाचं नका सांगू! ओ ताई, तुमी पाह्यता का जरा बसून?"

सुहासिनीबाईंना नाही म्हणवेना. त्यांनी गाडीत बसून सीट हुंगली, छत हुंगलं. कसलाच वास नव्हता. तेवढ्यात उकंडाभाऊ घाईघाईने पुढच्या सीटवर येऊन बसले.

"काय म्हन्ता ताई?"

"गाडी स्वच्छ आहे हो. वास आत्ता आला. तुमच्याबरोबर."

मथुराबाई पदर तोंडाला लावून हसत सुटल्या.

उकंडाभाऊंनी आपली बाही हुंगली. मग उतरून खिशातलं सिगरेटचं पाकीट कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

"आता तं देशीन ना नातीले माह्या मांडीवर?"

"देईन. पन तिथंच उभे राहा. ओ धुनारे भाऊ, याइच्यावर बी मारा थोडा पाइप!"