मागचा नांगर

मरीन परेडहून बस निघाली. परदेशातल्या त्या बसमध्ये माझ्या मागच्या सीटवर एक आजी-आजोबा मराठीत बोलत होते.

"इंदू, ती जहाजं बघ, किती लांब उभी आहेत! आमचं सपाट बुडाचं. रणगाडे घेऊन थेट वाळूवर चढायचं आणि पुढचं दार उघडायचं."

"महायुद्धात इंग्रजांचं होतं, मग आपल्या नेव्हीत आलं, शेवटी भंगारात गेलं. लग्न झाल्यापासून ऐकतेय."

"त्याच्या जोडीची जहाजं कुठे गेली, ते नाही सांगितलं. एकाची फेरीबोट झाली, एक तोफांच्या सरावात बुडवलं."

"माझ्या बहिणी कुठे असतात, ते सांगा बघू."

"एक नाशिकला."

"नाशिकला एकही नाही."

"बरं, ते राहू दे. वाळूत रुतलेलं जहाज परत कसं निघायचं, ते विचार."

"विचारलं."

"किनाऱ्याला लागायच्या आधीच मागे एक नांगर टाकून ठेवायचा. निघताना त्याचाच दोर ओढत मागे सरकायचं."

"अस्सं! म्हणून काल आपल्या लेकाला, तन्मयला म्हणालात, आता कायमचं तुझ्याकडेच राहू. आणि त्यानं पुण्याचा फ्लॅट विकायचं काढलं, तर तुम्हाला खोकला आला."

"एसीचा खोकला होता तो."

"हो का!"

"आणि तू गं? निघताना दूध बंद केलंस ना?"

"बंद कशाला करू?"

"मग?"

"खाडा सांगितलाय. आल्यावर कळवते म्हटलं."