परदेशात मला मारून टाकलं

मी मूळचा कराडकडचा, शाळा चौथीपर्यंत, दिल्लीत सरकारी ऑफिसात चपराशी लागलो, क्वार्टर लक्ष्मीबाई नगरात, पण माझी बायको सुमन क्वार्टरात कुठं टिकायची, गुडगावकडं टॉवर उठायला लागले तशी तिथल्या मजुरांच्या बायकांना शिवण शिकवायला जायची, आणि त्यांच्या झुग्ग्या, म्हणजे झोपड्या, तोडायला बुलडोझर आला तेव्हा सगळ्यांच्या पुढं हीच जाऊन बसली. झुग्ग्या गेल्याच शेवटी, ते सोडा.

काय सांगू तुम्हाला, धरणं असलं की मंगळसूत्र काढून माझ्याकडं द्यायची, अहो, पोलिसांच्या ओढाताणीत तुटेल, खिशात ठेवा. मी आपला मागं उभा, खिशात मंगळसूत्र, हातात तिचा डबा. बुलडोझर आला त्या दिवशी तिचे दोन फोटो निघाले. एक इथल्या हिंदी पेपरवाल्यानं काढला, तोंड उघडं, कपाळाला आठ्या, खाली छापलं, सरकारी चपरासी की पत्नी, विकास में रोड़ा, म्हणजे विकासाच्या वाटेतली धोंड. ऑफिसात साहेब म्हणाले, अरे यार, अपनी बीवी को सँभालो.

दुसरा एका गोऱ्यानं काढला. त्याला हिंदी येईना, हिला इंग्रजी येईना, तरी त्याच्याकडं बघून हसतेय आपली, काय एवढं हसू येत होतं देव जाणे. माझ्याकडं बघून असं कधी हसली नाही, खरं सांगतो. त्याच्या मासिकात ही मोठी शूर बाई. मुलगी वाचून दाखवत होती, मध्येच थांबली. म्हटलं वाच की पुढं. तर म्हणे बाबा, यात लिहिलंय आई विधवा आहे, एकटीच लढते. त्याच्याबरोबरच्या दुभाष्यानं हिचा मोकळा गळा बघितला आणि मला मारूनच टाकलं! सुमन तेव्हा हसली, पण ती माझ्यावर, म्हणाली, अहो, तिकडं तुमचं पिंडदानसुद्धा उरकलं असेल. माझा असा जळफळाट झाला. इथं शिव्या दिल्या त्या निदान नवऱ्यासकट दिल्या, तिकडं ओवाळली ती मला पुसून.

आता ती गेली. तेराव्याला फोटो हवा, तर मुलगी म्हणाली मासिकातलाच मोठा करू, आई किती सुंदर दिसते त्यात. दिसते ना, बिल्कुल दिसते, म्हणूनच नको. ते हसू त्या गोऱ्याचं, त्या फोटोतल्या बाईला नवरा नाही. मी पेपरातलाच मोठा करून आणला, नुसते ठिपके ठिपके आलेत. मुलगी रडायला लागली, बाबा, पाहुणे काय म्हणतील, आई भांडताना दिसते. म्हटलं भांडायचीच ती, आणि माझी बायको म्हणून छापलीय ती हीच.

रोज हार घालतो, ती ओरडतच असते. ओरडू दे. तुमचं लग्न झालंय ना? मग भांडा, दोघं पोटभर भांडा, देव तुम्हाला पार म्हातारपणापर्यंत भांडत ठेवो.