बालटीतलं तिवर

मी वर्ध्याजवळच्या मोठ्या आंजी गावचा, ताई. आमच्या सात पिढ्यात समुद्र कोणंच नाई पाह्यला, धाम नदीले पूर आला का तोच आमचा समुद्र. नव्वदच्या सुमारास वर्ध्याच्या कॉलेजात लागलो, झाडाझुडपाच्या लॅबमधी अटेंडंट, आंजीहून एसटीनं जाणंयेणं. काम काय, त पोट्ट्याईनं आणलेली पानंफुलं पेपरात दाबाची, रोज पेपर बदलाचे, सुकली का जाड कागदावर सुईदोऱ्यानं टाचाची अन् कोपऱ्यात लिहाचं, झाड कोणतं, कोठचं, कोणं आणलं. लॅबचे सर म्हणे, सुधाकर, तुह्या हातचं पान शंभर वर्ष टिकते. टिकते, खोटं काऊन बोलू. पान टिकते.

हिवाळ्यात कॉलेजची टूर कोकणात जाय, मी सामान घेऊन संगं. तेथं खाडीच्या चिखलात तिवराची झाडं, मुळ्या खालतून वर आलेल्या, पेन्सिली रोवल्यावानी. दिवसातून दोन डाव खारं पाणी चढते अन् दोन डाव उतरते. सर म्हणे, हे झाड मीठ पानातून बाहेर टाकते, म्हणून चाटून पाह्यलं, त खरंच खारट! घरी येऊन सांगितलं, त माही पोरगी रंजू मांगंच लागली, बाबा मले ने. तिले सिकलसेल, रक्ताचा आजार, थंडी लागली का, दगदग झाली का हाडं दुखून लोळे ती. म्हणून मी म्हणो, पुढच्या साली. दरसाल पुढच्या साली. काय सांगू तुमाले, लबाड बाप होतो मी.

मंग एका टूरहून रोपच आणलं, डब्यात, चिखलासकट. तिनं बालटीत लावलं, खडेमीठ टाकून पाणी दे. दर आठ दिवसानं बालटी वाकडी करून सारं पाणी नालीत ओते, मंग नवं टाके. म्हटलं, काऊन फेकतं व माय? म्हणे, वास येते बाबा. तिची आई म्हणे, लोकं कुत्रं पाळते, माही लेक समुद्र पाळते. रंजू पान चाटे अन् हासे. अकरावीत गेली तवा झाड तिच्या कमरेइतकं होतं.

त्याच पावसाळ्यात गेली ती. तीन दिवस दवाखान्यात, बस.

लोकं आपापल्या घरी गेल्यावर बालटी समोर आली. पाणी तिच्या हातचं, ताई. ते नालीत कसं ओतू? फेकवेच ना मले. आटलं का वरतून टाको, अन् मूठभर मीठ टाको, म्हणो खारं झाड हाय, याले मीठ कमी नाई पडलं पायजे. बायको म्हणे, अवो, राहू द्या ना. मी आयको काय? पानं पिवळी पडली. मी अजून मीठ टाकलं. मंग काळी पडली.

सर भेटाले आले घरी. बालटीत बोट घालून जिभेले लावलं अन् तोंड वाकडं केलं. म्हणे, पाणी बदलत नाई काय? म्हटलं, नाई. म्हणे, सुधाकर, भरती मीठ आणते, त ओहोटी घेऊन बी जाते, त्याच्यावर जगते हे झाड. तू नुसती भरतीच देत राह्यला. पोरीनं समुद्र पाह्यला नोता, तरी ती दर आठ दिवसानं ओहोटी करत होती, अन् मी दरसाल डोळ्यानं पाहून आलतो.

एका डहाळीले दोन पानं हिरवी राह्यली होती. ते तोडली, पेपरात दाबली, रोज पेपर बदलला. हा पाहा कागद. ठिकाण, आंजी. कोणं लावलं, रंजना. सर म्हणे, आंजीत तिवर होत नाई, सुधाकर. मंग म्हणे, राहू दे.

आता रिटायर झालो. घरात बुढाबुढी दोघंच. पानावर हे पांढरं पांढरं दिसते ना, ते मीठ होय. मी झटकत नाई. तुमी समुद्रावर गेल्या त भरती पाहून लगेच उठू नका, ताई. पाणी परत जाईपावतर बसजा. सुखी राहा.